शून्य लांबीची ओळ

माझ्या पहिल्या सीआयसीएस प्रोग्रामने मला माझाच प्रश्न परत पाठवला.

१९९८ साल होतं. वायटूकेची धामधूम चालू होती, कोबोल येणाऱ्या कुणालाही कंपन्या उचलून नेत होत्या, आणि मी सांगलीहून गणितात बीएस्सी करून पुण्यात कर्वे रोडवरच्या एका क्लासात मेनफ्रेम शिकत होते. क्लासात खरं टर्मिनल नव्हतं. साध्या पीसीवर एम्युलेटर चालवायचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची, आणि आपण आयबीएमच्या १९७१ सालच्या ३२७० टर्मिनलसमोर बसलोय असं धरून चालायचं. सरांनी मुंबईत खऱ्या ३२७० वर काम केलं होतं. सीआयसीएसला, म्हणजे मेनफ्रेमवर असे पडद्याचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते 'किक्स' म्हणत. हे सॉफ्टवेअर १९६९ मध्ये अमेरिकेत बाहेर पडलं, पण १९७४ पासून त्याचं काम इंग्लंडमधल्या हर्स्ली गावी चालतं आणि तिथले लोक 'किक्स'च म्हणतात, असं ते अभिमानाने सांगत. अमेरिकन माणसं चारही अक्षरं सुटी उच्चारतात. पुढे मला दोन्ही सवयी लागल्या. फोनवर समोर कोण आहे ते बघून जीभ आपोआप वळते.

पहिला अभ्यास सोपा होता. पडद्यावर कर्मचाऱ्याचा नंबर विचारायचा, तो घ्यायचा, फाइलमधून नाव काढून दाखवायचं. मॅप अजून शिकवले नव्हते, त्यामुळे नुसतं सेंड आणि नुसतं रिसीव्ह. मी इंग्रजीत 'एम्प्लॉयी नंबर?' असे शब्द पाठवले, उत्तरासाठी पाच अक्षरांची जागा ठेवली, आणि चालवल्याबरोबर प्रोग्राम अबेंड झाला, मधेच कोसळला. कोड एईआयव्ही. म्हणजे आलेला मजकूर जागेपेक्षा मोठा. मी टाइप केले होते पाच आकडे. आली होती सोळा अक्षरं.

याचं कारण समजायला मला दोन दिवस लागले, खरं तर ते पाच मिनिटांचं आहे. ३२७० ला प्रत्येक कळीगणिक मोठ्या मशीनला हाक मारायची सवय नाही. आपण जे टाइप करतो ते टर्मिनलच्या स्वतःच्या स्मृतीत साठतं. एंटर दाबेपर्यंत मेनफ्रेमला आपण जिवंत आहोत की नाही हेही माहीत नसतं. एंटर दाबलं की टर्मिनल मजकूर उचलून पाठवतं. मी पडद्यावर घरं आखली नव्हती, नुसती अक्षरं फेकली होती. मग माझी अक्षरं कुठली आणि माणसाची कुठली, हे त्याला कळणार कसं? त्याने सगळी पाठवली. त्यात कर्सर कुठे ठेवायचा हेही मी सांगितलं नव्हतं, म्हणून तो डावीकडे वर, प्रश्नाच्या पहिल्या अक्षरावर जाऊन बसला. माझे पाच आकडे प्रश्नाच्या पहिल्या पाच अक्षरांवर उमटले आणि उरलेली अकरा अक्षरं शेपटीसारखी मागे आली.

इथे मी जे केलं ते मी पुढे अनेक वर्षं वेगवेगळ्या रूपांत करत राहिले. कारण शोधलं नाही; तक्रारीचं तोंड बंद केलं. रिसीव्हच्या पुढे 'नो-हँडल' लिहिलं, म्हणजे काही बिघडलं तरी मला सांगू नकोस. शेपूट कापली गेली, पहिली पाच अक्षरं हातात आली, ती बरोबर माझा नंबर होती. प्रोग्राम चालला. मी सरांना बोलावलं.

सरांनी चार आकडी नंबर टाकला, १०२३. पडद्यावर उत्तर आलं, '१०२३० हा नंबर नाही.' सर म्हणाले, "मी शून्य कधी दाबलं?" मी चार वेळा तपासलं, चारही वेळा शून्य. ते शून्य नव्हतंच. एम्प्लॉयी या शब्दाचं इंग्रजीतलं पाचवं अक्षर 'ओ' आहे. माझ्या प्रश्नातला ओ त्यांच्या उत्तराला येऊन चिकटला होता, आणि आमच्या एम्युलेटरवर शून्याला काट नव्हती. (हा ओ जर हिशोबात शेवटच्या घरात शिरला असता तर मशीनने तो उणे सहा म्हणून वाचला असता. आयबीएमच्या अक्षरसंकेतात त्याचे अंक तसेच पडतात. त्या दिवशी तेवढं तरी वाचलं.)

सर हसले नाहीत. म्हणाले, "तू पडद्यावर जे बघतेस ते प्रोग्रामला दिसतं असं तुला वाटतंय. त्याला फक्त तारेतून आलेलं दिसतं." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे. वाक्य लिहून घेतलं की शिकून झालं, असं त्या वयात वाटतं.

मग मॅप आले. बीएमएस, म्हणजे पडदे आखायची सीआयसीएसची सोय, तिच्या मॅपमध्ये पडदा घरांमध्ये आखायचा. २४ ओळी, ८० रकाने, एकूण १,९२० जागा. प्रत्येक घराच्या आधी एक जागा त्या घराच्या स्वभावासाठी राखीव असते. त्या बाइटमध्ये लिहिलेलं असतं, इथे टाइप करू द्यायचं की नाही, ठळक दाखवायचं की लपवायचं, फक्त आकडेच घ्यायचे का. आणि त्यातच एक बिट असतो, एमडीटी. माणसाने त्या घराला हात लावला की टर्मिनल स्वतःच तो बिट चालू करतं, जणू झेंडा वर करतं. एंटर दाबल्यावर फक्त झेंडा वर असलेली घरं तारेतून जातात. बाकीची जागची हलत नाहीत.

यामागे काटकसर होती. सेकंदाला ४,८०० बिटच्या लाइनवर १,९२० अक्षरं पाठवायची तर तीन सेकंदांहून जास्त वेळ जातो, आणि एका लाइनवर अनेक टर्मिनलं टांगलेली असायची. एका फोन नंबरासाठी अख्खा पडदा कोण वाहून नेणार? आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दूधवाल्यासारखं. काही सांगितलं नाही तर रोजचंच अर्धा लिटर." इतकं अचूक मला कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळालं नाही. पण दूधवाल्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. 'उद्या नको' हे वेगळं सांगावं लागतं. न सांगणं आणि 'नको' सांगणं यांत फरक आहे. तो मी त्या संध्याकाळी पुढे नेऊन बघितला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

२००० साली मी पुण्यातल्या एका कंपनीत होते. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे जुने प्रोग्राम सांभाळायचे. त्यांचं घड्याळ शिकागोचं. थंडीत त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, त्यामुळे दुपारी यायचं आणि रात्री कंपनीच्या गाडीने परतायचं. पहिल्या वर्षात मी ज्या चुका केल्या त्या सगळ्यांनीच केल्या असतील. कुणी क्लिअरची कळ दाबली, टर्मिनलने नुसती कळ कळवली, मजकूर काहीच पाठवला नाही, माझ्या प्रोग्रामने मजकुराची वाट धरली होती, अबेंड. एकदा रेकॉर्ड बदलण्यासाठी कुलूप लावून मी प्रोग्रामला माणसाच्या उत्तराची वाट पाहत उभं ठेवलं. तो माणूस जेवायला गेला. तो परत येईपर्यंत त्या रेकॉर्डसाठी बाकीचे लोक ताटकळले. म्हणून तर या धंद्यात प्रोग्राम पडदा पाठवून झोपी जातो आणि एंटर आलं की पुन्हा उठतो. हे मला माहीत होतं. छोटा प्रोग्राम आहे, काय फरक पडतो, असंही मला वाटलं होतं.

एक चूक मात्र पुढच्या गोष्टीशी नात्यातली होती, म्हणून सांगते. पडद्याच्या तळाशी निरोपाची ओळ असते. काम झालं की तिथे 'बदल नोंदवला' असं यायचं. पुढच्या खेपेला ती ओळ रिकामी करायला मी तिच्यात लो-व्हॅल्यूज भरायचे, म्हणजे प्रत्येक बाइट शून्य. पण फक्त बदललेला मजकूर पाठवताना बीएमएस शून्य बाइट पाठवतच नाही. त्याच्या लेखी ते 'इथे काही सांगायचं नाही.' मग टर्मिनलवर जुना निरोप तसाच. माणसाने चुकीची तारीख टाकली तरी खाली 'बदल नोंदवला' झळकत राहायचं. पुसायचं असेल तर स्पेसेस पाठवायला हवेत. स्पेस हे खरं अक्षर आहे, ते जातं, जुन्यावर बसतं. मी दुरुस्त केलं, सगळ्यांना ऐटीत समजावूनही दिलं. पाठवताना शांतता वेगळी आणि कोरेपण वेगळं, हे मला पाठ झालं. घेतानाही तसंच असेल, हे डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत तक्रारीचं एक टिकेट आलं. विमेदाराचा पत्ता बदलण्याचा पडदा. पत्त्याच्या दोन ओळी, दुसरीत बहुतेकांचा घर नंबर असायचा. एका विधवा बाईंच्या दुसऱ्या ओळीत 'केअर ऑफ' आणि पुढे नवऱ्याचं नाव होतं. नवरा गेला होता. ते नाव काढा, असं बाईंनी कळवलं होतं. क्लार्कने ओळ पुसली, एंटर दाबलं, 'बदल नोंदवला' असं आलं, पॉलिसी पुन्हा उघडली तर नाव जागेवर.

प्रोग्राम माझा होता. मी टेस्ट रीजनमध्ये एक पॉलिसी उघडली, दुसऱ्या ओळीवर गेले, स्पेसबार तीस वेळा दाबला, एंटर. ओळ पुसली गेली. दुसरी पॉलिसी, तीच गत. मी टिकेटवर लिहिलं, 'आमच्याकडे असं घडत नाही', आणि बंद केलं. वापरणाऱ्याची चूक असावी अशी एक ओळही खाली जोडली होती. ती जोडायची काही गरज नव्हती.

चार दिवसांनी टिकेट परत उघडलं. या वेळी आमच्या टीमच्या लीडने क्लार्कलाच फोन लावला. स्पीकरवर त्या क्लार्कबाई, इकडे मी आणि लीड. मी विचारलं, तुम्ही ओळ नक्की कशी पुसता? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, कळ दाबून. कुठली कळ? 'इरेज एंड ऑफ फील्ड'. त्या वीस वर्षं ३२७० वर काम करत होत्या आणि कर्सरपासून घराच्या शेवटापर्यंत सगळं एका फटक्यात पुसणारी कळ कीबोर्डवर पहिल्यापासून आहे. तीस वेळा स्पेसबार दाबून ओळ पुसणारं माणूस त्यांनी कधी पाहिलं नसेल.

आता बघा काय होत होतं. स्पेसबार दाबला की तीस खरी अक्षरं तारेतून येतात. पुसण्याची कळ दाबली की घरात अक्षरंच उरत नाहीत, शून्य बाइट उरतात, आणि टर्मिनल शून्य बाइट पाठवत नाही. घराचा झेंडा वर असतो, घर निघतं, पण रिकाम्या हातांनी. माझ्या प्रोग्राममध्ये अट अशी होती, लांबी शून्यापेक्षा जास्त असेल तर नवा मजकूर घ्या, नाहीतर जुना ठेवा. पुसलेल्या घराची लांबी शून्य. हात न लावलेल्या घराचीही शून्य. मी दोघांना एकाच पारड्यात टाकलं होतं.

फोन ठेवल्यावर मी लीडला म्हटलं, सापडलं, दहा मिनिटांचं काम आहे. अट उलटी केली, लांबी शून्य असेल तर ओळ कोरी करा. एक पॉलिसी उघडली, पुसण्याची कळ दाबली, एंटर, ओळ गेली. मला इतका आनंद झाला की त्या पॉलिसीतल्या बाकी कशाकडे मी पाहिलं नाही. दुसरी एकही टेस्ट केली नाही. त्या रात्री प्रोग्राम प्रॉडवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खऱ्या कामावर, गेला, क्लार्कना कळवलं की दुरुस्त झालंय.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात यायला दुसऱ्या रात्रीचे साडेअकरा वाजले. तिकडच्या दुसऱ्या एका क्लार्कने एका विमेदाराचा फक्त फोन नंबर बदलला होता आणि पत्त्यातला घर नंबर नाहीसा झाला होता. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात लावला नव्हता, म्हणून ती आली नाही, म्हणून लांबी शून्य, म्हणून मी ती कोरी केली. सकाळपासून त्या पडद्यावर ज्याने ज्याने काहीही बदललं होतं, त्या प्रत्येकाच्या पत्त्याची दुसरी ओळ मी खाऊन टाकली होती.

जुना प्रोग्राम परत चढवला, सीआयसीएसने तो नव्याने उचलावा म्हणून न्यूकॉपी दिली. हात इतके थरथरत होते की कमांड दोनदा चुकली. मग लीडने शांतपणे विचारलं, "गेलेल्या ओळी परत कशा आणायच्या?"

आदल्या रात्रीचा फाइलचा बॅकअप होता. मी एक बॅच प्रोग्राम लिहिला, जिथे काल दुसरी ओळ होती आणि आज नाही असे सगळे रेकॉर्ड काढायचे. यादी निघाली. आणि मग यादीसमोर बसल्यावर माझ्या पोटात पहिल्यांदा खड्डा पडला. यातल्या काही ओळी लोकांनी खरोखरच पुसल्या होत्या. कुठल्या? बदलांच्या जर्नलमध्ये प्रत्येक रेकॉर्डचं आधीचं आणि नंतरचं रूप होतं, पण नंतरच्या रूपात दोन्हीकडे नुसते स्पेसेस. कोण बोलला नाही आणि कोण 'नको' म्हणाला, हा फरक तारेतून आला होता. माझ्या प्रोग्रामने तो दारातच टाकून दिला होता, आणि आत कुठेही त्याची नोंद नव्हती. कितीही हुशार बॅच प्रोग्राम लिहिला तरी जे लिहूनच ठेवलं नाही ते वाचता येत नाही.

लीडने ठरवलं, सगळ्या ओळी परत आणा. घर नंबर नसलेलं पत्र भटकत राहतं, जास्तीची ओळ असलेलं निदान पोचतं. निर्णय बरोबर होता, आजही मी तोच घेईन. पहाटे तीनला सगळ्या ओळी जागेवर गेल्या. त्या दिवसाच्या अहवालात मी 'डेटामधली विसंगती दुरुस्त केली' असं लिहिलं. वाक्याला कर्ता ठेवला नाही. लीडने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्वतःच्या हाताने 'आमच्या बदलामुळे उद्भवलेली' हे शब्द मधे घातले. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पहिलंच टिकेट तिसऱ्यांदा उघडलेलं होतं. त्या क्लार्कबाईंनी आमच्या निरोपावर विश्वास ठेवून आदल्या सकाळीच ते नाव पुसलं होतं. या वेळी ते पुसलं गेलं होतं. आणि पहाटे मी ते परत आणलं होतं. टिकेटवर एवढंच लिहिलं होतं, 'तो पुन्हा आलाय.'

मी मॅपचं कॉपीबुक उघडलं. प्रत्येक घरासाठी त्यात आधी लांबी असते, मग एक बाइटचा फ्लॅग, मग मजकूर. तो फ्लॅग मी शेकडो वेळा पाहिला होता, कधीच वापरला नव्हता. घर बदललं पण मजकूर काहीच आला नाही, म्हणजे पुसलं, असं असेल तर बीएमएस त्यात हेक्स ८० ठेवतं. 'नको' असं सांगणारा निरोप दर खेपेला माझ्या दारात येऊन उभा राहत होता. क्लासातल्या वहीत शोधलं तर फ्लॅगची ती किंमतही माझ्याच अक्षरात होती, खाली दोन रेघा मारून.

तीन ओळींचा बदल. (दुसरा सोपा मार्ग होता, एफसेट. सगळ्या घरांचे झेंडे पाठवतानाच वर करायचे, म्हणजे प्रत्येक घर दर वेळी परत येतं आणि शून्य लांबीचा अर्थ एकच उरतो. आज मी डोळे मिटून तोच धरीन. ४,८०० बिटच्या लाइनची काटकसर २००० साली कुणालाच नको होती, पण त्या गिऱ्हाइकाच्या नियमात ती अजून बसली होती.) या वेळी मी टेस्टचा कागद केला. हात लावला नाही. स्पेसने पुसलं. कळीने पुसलं. अर्धं पुसलं. आधीच कोरं होतं त्यावर पुसण्याची कळ दाबली. पुसून परत तेच टाइप केलं. प्रत्येक वेळी सगळा रेकॉर्ड छापून टीममधल्या दुसऱ्या मुलीकडून वाचून घेतला, कारण आपल्या चुकीकडे आपली नजर बरोबर वळत नाही.

प्रोग्राम चढल्यावर मी निरोप पाठवला नाही, फोन केला. क्लार्कबाईंना म्हटलं, चूक माझी होती, पहिल्या वेळीही आणि दुसऱ्याही, तुमची कळ बरोबर होती. त्या "ठीक आहे" म्हणाल्या, जरा थांबा. पलीकडून कळांचा आवाज आला. पॉलिसी नंबर, एंटर. मग टॅब, टॅब, टॅब. एकच कळ, जरा जोरात. एंटर. मग त्या पडद्याबाहेर गेल्या, परत आल्या, पॉलिसी पुन्हा उघडली.

"गेलंय," त्या म्हणाल्या. आणि फोन न ठेवता आणखी एकदा बाहेर जाऊन, पुन्हा उघडून बघितलं.